नव्या गॅरेजची हत्यारं: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

पुण्यातल्या धायरीत स्वतःचं गॅरेज सुरू करणाऱ्या एका तरुण मेकॅनिकने विचारलंय: आयटीआय झालंय, सर्व्हिस सेंटरचा अनुभव आहे, मुख्य काम दुचाकींचं आणि जोडीला मारुती-ह्युंदाईच्या छोट्या गाड्यांचं. हत्यारांसाठी पन्नासेक हजार बाजूला काढलेत. त्यात स्नॅप-ऑन, हॅझेट, निपेक्स अशा नावांची मोजकी हत्यारं घ्यावीत, टपारियासारख्या देशी ब्रँडमध्ये सगळा भरणा करावा, की ऑनलाइन मिळणारी शंभरेक नगांची पेटी घेऊन मोकळं व्हावं? शिवाय दुबईतला मित्र सुट्टीला येताना काहीतरी आणून देतो म्हणतोय, त्याला काय सांगावं?

पन्नास हजारांत सगळंच उत्तम येणार नाही. सगळंच स्वस्त घेतलं तर त्याचा भुर्दंड पुढे गिऱ्हाइकाच्या गाडीवर बसेल. म्हणून आधी एवढंच ठरवा, की कुठलं हत्यार दगा देईल तेव्हा नुकसान मोठं होईल. हातोडीचा दांडा निसटला तर दुसरा बसवता येतो. पण ब्रेक पाइपच्या नटावर पाना सटकला तर नट जातो, नटाबरोबर पाइप जातो आणि गाडी जागेवर अडकून पडते. जिथे हत्याराचं टोक मऊ, लहान किंवा गंजलेल्या बोल्टला भिडतं तिथे पैसा घाला. जिथे फक्त जोर लावायचा, ठोकायचं किंवा उचलायचं आहे तिथे वाचवा. माझं सगळं उत्तर या एका हिशेबावर उभं आहे.

दोन-तीन गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. एकटे काम करणार असाल तर हत्यार जपलं जातं. हाताखाली मुलं असतील तर १० मिमीची गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारं सॉकेट) महिन्या-दोन महिन्यांत कुठेतरी चेसिसच्या खाचेत जाऊन बसणार, हे धरूनच चाला. गाड्या कुठल्या येणार यावरही बरंच ठरतं, त्याकडे पुढे येतो. आणि इंजिन उघडण्याची कामं जास्त की सर्व्हिसिंग जास्त, यावर टॉर्क रेंचचा (ठरावीक जोरावर बोल्ट आवळायच्या पान्याचा) निर्णय अवलंबून आहे.

आता महाग पाना महाग का असतो ते बघू. बोल्टचं डोकं १० मिमीचं असेल तर पाना १० पेक्षा किंचित मोठाच असावा लागतो, नाहीतर तो बसणारच नाही. हा किंचितपणा किती असावा याच्या मर्यादा मानकांत ठरलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६९१, आणि आपल्याकडे उघड्या तोंडाच्या फिक्स पान्यांसाठी आयएस २०२८, बंद कड्याच्या रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ ही मानकं आहेत. चांगला कारखाना ही फट लहान ठेवतो, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक नगात सारखी ठेवतो. सुमार पान्यात एक नग घट्ट बसतो, तर दुसरा लडबडतो. फट वाढली की पाना बोल्टच्या सपाट बाजूंवर न टेकता कोपऱ्यांवर टेकतो. सगळा जोर सहा रेषांवर येतो, कोपरे चेपतात आणि बोल्ट गोल होतो. स्नॅप-ऑनने यावर गोटीच्या आतल्या कोपऱ्यांना गोलाई देऊन जोर सपाट बाजूवर नेण्याची रचना आणली, तिला ते फ्लँक ड्राइव्ह म्हणतात. आज तशी रचना मध्यम किमतीच्या बऱ्याच गोट्यांतही मिळते. त्यामुळे गोट्यांच्या बाबतीत महाग आणि मध्यम यांतलं अंतर पूर्वीएवढं राहिलेलं नाही. स्वस्त आणि मध्यम यांतलं अंतर मात्र आजही मोठं आहे.

दुसरी गोष्ट पोलादाची. क्रोम व्हॅनेडियम हे शब्द प्रत्येक पान्यावर छापलेले दिसतात, पण त्या छपाईवरून काही कळत नाही. त्याच पोलादाला उष्णतेची प्रक्रिया नीट दिली नाही तर पाना एकतर मऊ राहतो आणि तोंड फाकतं, किंवा ठिसूळ होतो आणि तुटतो. फाकणारा पाना जास्त घातक, कारण तो तुटत नाही म्हणून वापरात राहतो आणि रोज बोल्ट खात राहतो. तुमच्या पेटीतला १२-१३ चा फिक्स पाना तपासायचा असेल तर नव्या कोऱ्या बोल्टवर लावा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. खेळ हाताला जाणवला की तो पाना घट्ट बोल्टांसाठी बाद. लॉकनट धरायला ठेवा हवं तर.

दुकानात जाताना खिशात चार नग घेऊन जायचे, ही सवय लावून घ्या: १० च्या डोक्याचा एक नवा बोल्ट, १२ चा एक, १४ चा एक आणि ब्रेक मास्टर सिलिंडरच्या झाकणाचा एक स्क्रू. बोहरी आळीतले जुने दुकानदार यावर नाराज होत नाहीत, उलट गिऱ्हाईक जाणकार आहे हे ओळखून आतला माल काढतात. पाना बोल्टवर बसवून खेळ बघा. रिंगच्या आत बोट फिरवून क्रोमचे फुगे किंवा कडा उठलेल्या आहेत का ते पाहा, तिथलं क्रोम सुटलं तर कातडं फाडतं. पक्कड मिटून उजेडासमोर धरा. कटरच्या धारांमधून उजेड दिसता कामा नये. पातळ कागद तिच्यात धरून कापून बघा, संपूर्ण धारेवर सारखा कापला पाहिजे. रॅचेटला (एकाच दिशेने पकडणाऱ्या गोटीच्या दांड्याला) गोटी लावून ती बोटांनी उलट फिरवा. खूप कडक असेल तर अडचणीच्या जागी नट मागेपुढे होईल, रॅचेट पकडणारच नाही. आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्क्रूत घालून ड्रायव्हर आडवा धरा. चांगल्या जोडीत स्क्रू क्षणभर तरी टोकाला लटकून राहतो.

ब्रँडचं म्हणाल तर बाजारात महाग आणि स्वस्त अशा दोनच पायऱ्या नाहीत. वर जर्मन, अमेरिकन, जपानी: हॅझेट, श्टालविले, गेडोरे, स्नॅप-ऑन, केटीसी, कोकेन. त्याखाली तैवानची चांगली हत्यारं, किंग टोनी आणि टॉपटुल यांसारखी. व्यावसायिक गॅरेजसाठी ही पायरी मला फार मोलाची वाटते. मग आपले देशी, ज्यात टपारिया सगळ्यांच्या तोंडी. नाशिकच्या सातपूरला त्यांचा कारखाना आहे आणि १९६९ मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने त्यांनी हत्यारं बनवायला सुरुवात केली. पंजाबात जालंधर-लुधियाना आणि राजस्थानात नागौर ही हत्यारं बनवणारी जुनी केंद्रं. तिथला बराच माल परदेशात जातो. म्हणजे देशी म्हणून नाक मुरडायचं काही कारण नाही. सगळ्यात खाली बिननावाचा किंवा रोज नवं नाव लावून येणारा माल. पाना त्या पायरीवरून कधीच घेऊ नका.

आता गाड्यांचा मुद्दा. सेट घेण्याआधी हा कळला पाहिजे. मारुती, होंडा, यामाहा, हिरो या जपानी वळणाच्या गाड्यांवर ८ मिमी आट्यांच्या बोल्टला १२ चं डोकं, १० ला १४ आणि १२ ला १७ असतं. युरोपी वळणाच्या गाड्यांवर त्याच आट्यांना १३, १६ आणि १८ ची डोकी असतात. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांवर शिवाय टॉर्क्स (सहा पाकळ्यांच्या आकाराचे) आणि बारा कोनांचे बोल्ट भेटतात. तुमचं काम दुचाकी आणि मारुतीचं असेल तर ८, १०, १२, १४, १७ आणि १९ या सहा मापांवर तुमचा बहुतेक दिवस जाईल. मग २४ नगांच्या सेटमधले १५, १६, १८, २०, २१ चे पाने पेटीत नुसते चमकत पडतात. त्यापेक्षा या सहा मापांचे डबल रिंग पाने चांगल्या देशी ब्रँडचे घ्या आणि ८, १०, १२, १४ या मापांच्या गोट्या एक पायरी वरच्या घ्या. लांब गोट्या आणि आखूड गोट्या, दोन्ही. गोट्या सहा कोनांच्या घ्या, बारा कोनांच्या नकोत. बारा कोनी गोटी बोल्टवर पटकन बसते, पण गंजलेल्या किंवा आधीच थोड्या गोल झालेल्या डोक्यावर ती पहिली घसरते. जुन्या कास्ट आयर्न बुलेट येणार असतील तर मेट्रिक पाने अर्धे निरुपयोगी. त्यांना व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाचे पाने लागतात, आणि ते आता जुन्या बाजारातच धुंडाळावे लागतात.

ज्या जागी वरचं हत्यार घ्यावंच अशा मी चार जागा धरतो, आणि त्यातली पहिली बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: चौफुली स्क्रू. आपल्या दुचाकींवरचे चौफुली स्क्रू बहुतेक जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे आहेत, त्यांच्या डोक्यावर अनेकदा एक छोटा ठिपका असतो. बाजारात मिळणारे बहुतेक ड्रायव्हर फिलिप्स पद्धतीचे. फिलिप्सचं टोक जेआयएस खाचेत तळापर्यंत जातच नाही, वरच्या कडांवर टेकून राहतं. पुढच्या डिस्क ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं झाकण डोळ्यांसमोर आणा: दोन चपटे स्क्रू, मऊ धातूचे, वर पुण्याच्या चार पावसाळ्यांचं पाणी मुरलेलं, खाली अ‍ॅल्युमिनियमचे आटे. फिलिप्स लावला की एक कचकन आवाज येतो आणि खाचेचा वाडगा झालेला असतो. मग ड्रिल, मग आटे गेले, मग सबंध मास्टर सिलिंडर. व्हेसलसारख्या जपानी कंपनीचा जेआयएस टोकाचा दोन नंबर आणि तीन नंबर ड्रायव्हर घेतला तर हा प्रकार जवळजवळ थांबतो. असा ड्रायव्हर फिलिप्स स्क्रूलाही चालतो. उलट मात्र चालत नाही. आमची पद्धत अशी: खाचेतली माती सुईने काढायची, ड्रायव्हर सरळ उभा बसवायचा, वरून हातोडीचे दोन हलके ठोके, मग अंगाचा भार खाली देऊन आधी जरासं घट्ट करायच्या दिशेने आणि मग सोडायच्या दिशेने. सोबत हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर ठेवा. तो मात्र देशी स्वस्तातला चालतो, फक्त त्याचं बिट चांगलं असावं.

दुसरी जागा ब्रेक पाइपचे नट. आमच्याकडे एक जुनी वॅगनआर आली होती. आधी कुणीतरी मागच्या चाकाच्या सिलिंडरवरचा १० चा नट फिक्स पान्याने सोडायचा प्रयत्न केलेला. नटाची सहापैकी चार टोकं गेलेली, वर पक्कडीच्या दातांचे ओरखडे, आणि पाइप नटासकट वळून चिमटलेला. अशा मऊ नटाला फिक्स पान्याची दोन तोंडं फक्त दोन बाजूंनी धरतात. यासाठी चिरलेल्या रिंगसारखा फ्लेअर नट पाना मिळतो. पाइप फटीतून आत घेतो आणि नटाला पाच बाजूंनी धरतो. १० मिमीचा एक आणि ११-१२ चा एक एवढेच लागतात, पण ते वरच्या ब्रँडचेच घ्या. स्वस्त फ्लेअर पान्याचं तोंड जोर लावताच उघडतं, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच काम तो करत नाही. त्या वॅगनआरचा पाइप कापून नवा घालावा लागला.

तिसरी जागा अ‍ॅलन की (षटकोनी खाचेत घालायची किल्ली) आणि टॉर्क्स. डिस्क प्लेटचे, कॅलिपरचे बोल्ट कडक पोलादाचे असतात, त्यावर कारखान्यातून अनेकदा लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावलेलं असतं आणि अ‍ॅलन कीला धरायला जागा फार थोडी. स्वस्त अ‍ॅलन की इथे पिळते आणि खाचेला वाटोळं करते. वेरा, विहा किंवा बॉन्डहस यांपैकी एक ४ ते ८ मिमीचा सेट घेतलात तर अनेक वर्षं बघायला नको. बोल्ट पहिल्यांदा सोडताना गोल टोकाची बाजू वापरू नका, सरळ कापलेलीच बाजू लावा. लॉकटाइट असेल तर आधी हीटगनने गरम करा.

चौथी पकडी, म्हणजे पंप प्लायर आणि कटर. टपारियाची साधी आठ इंची पक्कड उत्तम काम देते. आमच्याकडे तीच आहे आणि ती महाग ब्रँडने बदलायची गरज कधी वाटली नाही. पण गोल झालेला नट, चिकटलेला पाइप, होजची क्लिप यांसाठी निपेक्सची कोब्रा वेगळ्याच पातळीची आहे. वुप्पर्टालची ही कंपनी १८८२ पासून बहुतांशी पकडीच बनवत आली आहे. कोब्राचे दात रॉकवेल या कडकपणाच्या मापावर साधारण ६१ कडक, आणि जबड्याची रचना अशी की जोर लावाल तितकी ती आणखी आवळत जाते. २५० मिमीची एक पुरे. याउलट सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायच्या प्लायरला मध्यम पायरी पुरेशी, फक्त टोकं वेगळी न बसवता एकसंध घडवलेली असावीत. पातळ बसवलेलं टोक वाकतं आणि सर्क्लिप उडून डोळ्यांकडे येते. चष्मा घालूनच हे काम करा.

रॅचेटबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे लोक दातांच्या संख्येला भुलतात. २४ दातांच्या रॅचेटला पुढचा दात पकडायला १५ अंश हलावं लागतं, ७२ दातांच्याला फक्त ५ अंश. इंजिन आणि चेसिसमधल्या अडचणीत हा फरक मोठा. पण ७२ दात म्हणजे प्रत्येक दात बारीक. चांगल्या कंपनीत तो बारीक दातही ताण घेतो, स्वस्तात तो सटकतो आणि तुमची बोटं रेडिएटरच्या पत्र्यावर आपटतात. म्हणून नियम असा: बजेट कमी असेल तर २४ ते ३६ दातांचा जाड रॅचेट घ्या, पैसे असतील तर ७२ चा तैवानी किंवा जपानी घ्या, पण स्वस्त ७२ चा कधीच नको. आणि घट्ट बोल्ट पहिल्यांदा सोडायला रॅचेट लावूच नका, त्यासाठी स्लाइडिंग टी किंवा लांब पॉवर बार वापरा. रॅचेटची अर्धी आयुष्यं इथेच संपतात.

तुमच्या कामाला पहिला सेट ३/८ इंच चौकोनाचा (ज्यावर गोटी बसते तो चौकोन) घ्या. अर्ध्या इंचाचा गोटी पाना सेट आपल्याकडे सगळीकडे दिसतो, पण दुचाकीवर तो आटे मारतो. त्याचा हिशेब सांगतो. इंजिन कव्हरचे १० डोक्याचे ६ मिमी बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरवर (पिळण्याच्या जोराचं माप) आवळायचे असतात. १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला हे सात किलोच्या आसपास जोर लावण्याइतकं आहे. हातात जाणवतं. ३० सेंटिमीटरच्या अर्धा इंची रॅचेटवर तेवढ्यासाठी साडेतीन किलोच पुरतात, आणि मनगटाच्या सवयीने मेकॅनिक त्यावर सहज दहा किलो देतो. अ‍ॅल्युमिनियमचे आटे तिथे सुटतात. नवीन मुलाच्या हातात आखूड पाना देणं हा आटे वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

टॉर्क रेंच घ्यायचा तर तोही छोटा घ्या: ५ ते २५ न्यूटन-मीटरचा, मग कारसाठी ४० ते २०० चा. २०० वाल्यावर १० मोजता येत नाही. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६७८९ मध्ये क्लिक रेंचना (ठरलेला जोर आला की क्लिक करणाऱ्या) साधारण ४ टक्के कमी-जास्त एवढी सूट आहे, आणि ५००० क्लिक किंवा १२ महिने, जे आधी होईल तेव्हा कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) अपेक्षित आहे. दिवसाला वीस क्लिक धरले तर २५० कामाच्या दिवसांत ५००० होतात, म्हणजे वर्षाला एकदा तपासणी आलीच. भोसरी-चिंचवड पट्ट्यात औद्योगिक कारखान्यांमुळे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळा आहेत, तिथे एका नगाची तपासणीही करून मिळते. घेताना रेंचसोबत त्याच्या क्रमांकाचं प्रमाणपत्र आहे का बघा. वापर झाल्यावर स्प्रिंग सैल करून सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवा, त्याखाली फिरवू नका. ऑनलाइन पेटीतला प्रमाणपत्र नसलेला टॉर्क रेंच हाताच्या अंदाजापेक्षा धोकादायक, कारण त्याच्या क्लिकवर आपण विश्वास ठेवतो.

वाचवायचं कुठे, हे झटपट सांगतो. हातोड्या, छिन्न्या, पंच, चाकाचा पाना, जॅक स्टँड सोडून बाकीचे आधार, ग्रीसगन, फनेल, ट्रे हे सगळं देशी आणि साधं घ्या. (जॅक आणि जॅक स्टँड मात्र पूर्ण क्षमतेचे, खात्रीच्या दुकानातून. त्याखाली माणूस झोपतो.) दुचाकीचे टी पाने ८, १०, १२, १४ देशी ब्रँडचे उत्तम मिळतात. टॅपेट सेटिंगचं हत्यार, क्लच होल्डर, मॅग्नेट पुलर (इंजिनातलं मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार) नाना पेठेत त्या-त्या गाडीचे मिळतात, पण पुलरचे आटे नीट बघून घ्या. कच्चा पुलर मॅग्नेटच्या आतले आटे घेऊन जातो.

इम्पॅक्ट गन घेणार असाल तर त्यावर चमकत्या क्रोमच्या गोट्या कधीच लावू नका. त्या फुटतात आणि तुकडे उडतात. काळ्या, जाड, क्रोम मॉलिब्डेनमच्या गोट्या त्यासाठी असतात. कार इलेक्ट्रिक येऊ लागल्या तर तिथे ब्रँडचा वादच नाही: आयईसी ६०९०० मानकाचा १००० व्होल्टचा शिक्का असलेलीच हत्यारं आणि आधी प्रशिक्षण. साध्या पकडीवरचं लाल प्लास्टिक म्हणजे इन्सुलेशन नव्हे.

शंभर नगांच्या पेटीचं मोजमाप असं करा: त्यातले बिट, अ‍ॅडॉप्टर आणि ४, ४.५, ५.५ च्या गोट्या वगळा. उरतात तुम्ही रोज वापराल अशा दहाएक वस्तू, आणि त्यांचं पोलाद कुठलं ते कुणी सांगत नाही. अशा पेटीचा रॅचेट आणि १० ची गोटी आधी जाते, नेमकी जी सर्वांत जास्त लागते. स्नॅप-ऑनने १९२० मध्ये पाच हँडल आणि दहा गोट्या मिळून पन्नास पान्यांचं काम करतात, हे सांगत धंदा सुरू केला होता. ते तत्त्व आजही लागू आहे, म्हणून नगांची संख्या पाहून भुलू नका.

नकलांबद्दलही सावध राहा. नामांकित देशी ब्रँडच्या पक्कडी आणि पाने नक्कल होऊन येतात. फोर्जिंगमध्ये कोरलेलं नाव अस्पष्ट, कडांवर ठोक्याच्या खुणा, आणि बाजारभावापेक्षा भलतीच कमी किंमत ही लक्षणं. पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. रविवार पेठेत ओळखीचं दुकान असलं की वर्षातून दोनदा नग बदलायला गेलात तरी बोलत नाहीत. हीच तुमची खरी वॉरंटी. महाग ब्रँडची आयुष्यभराची वॉरंटी तेव्हाच कामाची, जेव्हा इथे अधिकृत विक्रेता आहे आणि तुमच्याकडे त्याचं बिल आहे. बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जर्मन आणि जपानी जुने रिंग पाने, हातोड्या, ऐरण चांगल्या मिळतात. तिथून रॅचेट आणि टॉर्क रेंच घेऊ नका, आणि कुठल्या तरी कंपनीचा कोरलेला नंबर असलेली वस्तू तर घेऊच नका, ती चोरीची असू शकते.

पन्नास हजारांची वाटणी मी अशी करेन. सगळ्यात मोठा वाटा देशी पाने, टी पाने, पक्कडी, हातोड्या, पुलर आणि जॅक यांत. त्याहून लहान वाटा ३/८ इंचाच्या तैवानी रॅचेट आणि गोट्यांत. दहाएक हजार छोट्या टॉर्क रेंचला. उरलेले जेआयएस ड्रायव्हर, फ्लेअर पाने, अ‍ॅलन की आणि कोब्रा यांना. सगळं एकदम घेऊ नका. दोन-तीन हजार हातात ठेवा. पहिल्या दोन महिन्यांत ज्या कामासाठी शेजारच्या गॅरेजमध्ये हत्यार मागायला जावं लागेल, ते पैसे तिथे घाला.

आणि दुबईच्या मित्राला सांगा, टॉर्क रेंच किंवा रॅचेट आणू नको. त्यांना पुढे दुरुस्ती आणि तपासणी लागते आणि तिथलं बिल इथे चालेलच असं नाही. त्याच्याकडून २५० मिमीची कोब्रा, व्हेसलचे दोन आणि तीन नंबरचे जेआयएस ड्रायव्हर आणि १० मिमीचा चांगला फ्लेअर नट पाना मागवा. वजन कमी आहे आणि यांत काही बिघडायला नाही. फक्त त्याला सांगून ठेवा, की हे चेक-इन बॅगेत घाल, हातातल्या बॅगेत ठेवलंस तर विमानतळावर काढून घेतील.